वाघ, रान आणि राबणारा माणूस : वऱ्हाडच्या विकासाचा प्रश्न
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, बुद्ध विहारात जंगलाचे आणि वाघाचे काय काम? आपले प्रश्न शिक्षणाचे, नोकरीचे, आरक्षणाचे, अत्याचाराचे. रान राखणे हे पोट भरलेल्या लोकांचे काम. हा समज आम्हाला बरोबर वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

ज्या वर्षावासात आपण बसलो आहोत, त्याचे मूळ पाहा. भिक्खू पावसाळ्यातही फिरत असत. त्यांच्या पायाखाली कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. झाडेझुडपे तोडणे हा विनयात भिक्खूंसाठी दोष मानला गेला. म्हणजे आपण दरवर्षी ज्या निमित्ताने जमतो, त्या निमित्ताच्या मुळाशीच उगवत्या गवताचा आणि मुक्या जिवाचा विचार आहे. शिवाय तो नियम जनतेच्या तक्रारीतून झाला, हेही ध्यानात ठेवावे. निसर्गाची काळजी वाहणारे आणि लोकांचे ऐकून घेणारे तेव्हा वेगळे नव्हते. आज ते वेगळे झाले आहेत आणि सारी अडचण तिथेच आहे.

आपल्या वऱ्हाडाचे दोन भाग पाहा. खाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि वर सातपुड्याची रांग. या रांगेतच गाविलगडचे डोंगर, आणि तिथेच मेळघाट. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या तिथल्या नद्या तापीला मिळतात. दक्षिणेकडे उतरणाऱ्या वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या आपल्या बाजूला येतात. खाली अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यात जमिनीतले पाणी खारे आहे. विहीर खोदली तरी ते पाणी तोंडात घेववत नाही, पिकाला दिले तर जमीन बिघडते. या खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांचे पिण्याचे पाणी वान आणि शहानूरसारख्या डोंगरातल्या धरणांतून नळाने येते. अकोट-तेल्हाऱ्याच्या बाईच्या घागरीत जे गोड पाणी पडते, ते मेळघाटच्या सागा-बांबूच्या मुळांनी धरून ठेवलेले पाणी आहे. वानचे पाणी कोणत्या तालुक्याने प्यावे यावरून तेल्हारा आणि बाळापूर भागांत वाद झाला, आंदोलने झाली. डोंगर बोडका झाला, धरण गाळाने भरले, तर वाद घालायलाही पाणी उरणार नाही. म्हणून मेळघाटचे रान टिकणे हा आपल्या घरातला प्रश्न आहे.

आता हे रान राखण्याचा प्रयत्न कसा झाला ते थोडक्यात पाहू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होते. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७४ चा. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या बाजूची नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्ये झाली. आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटर आणि बफर क्षेत्र सुमारे १२६८ चौरस किलोमीटर आहे. शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, त्यानंतर तो मेळघाटातही आढळला. कायदा नसता तर यातले किती उरले असते, सांगता येत नाही. तेव्हा संरक्षणाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक हिशेबाला दोन बाजू असतात. जमेची बाजू देशाच्या नावावर मांडली गेली आणि खर्चाची बाजू कोरकूंच्या नावावर पडली. मुंडा कुळातली भाषा बोलणारा हा समाज या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहतो. मोहाची फुले, तेंदूपत्ता, मध, डिंक, चारोळी, थोडी कोदो-कुटकी, चार गुरे, असा त्याचा संसार. इंग्रजांनी जंगल राखीव केले आणि त्याच जंगलात तोडीच्या व रस्त्याच्या कामाला त्याला मजूर म्हणून वापरले. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, मजुराची स्थिती फारशी बदलली नाही. १९९० नंतरच्या दशकात मेळघाटातले बालमृत्यू आणि कुपोषण देशभर गाजले. ज्या रानात वाघाच्या पिलाची मोजदाद होत होती, त्याच रानात माणसाची पिले अन्नावाचून जात होती. हे आम्ही वाघाच्या द्वेषाने म्हणत नाही. वाघाने कोणाचे अन्न काढून घेतले नाही. अन्न गेले ते माणसाने केलेल्या व्यवस्थेमुळे.

मग गावे उठवणे सुरू झाले. कोहा, बोरी आणि कुंड ही गुगामलमधली गावे प्रथम हलवली गेली. नंतर वैराट, चुर्णी, आणि अकोट बाजूची अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी गावे खाली आली. काही कुटुंबांनी स्वतः होकार दिला हेही खरे. वर दवाखाना नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, शाळेत गुरुजी नाहीत, तेव्हा मुलाबाळांसाठी खाली यावे असे त्यांना वाटले. पण जो मनुष्य सोयी नसल्यामुळे गाव सोडतो, त्याच्या होकाराला पूर्ण खुशीचा होकार म्हणता येईल काय? सोयी आधी द्यायच्या नाहीत आणि मग सोयींसाठी खाली या म्हणायचे, हा न्याय कोणता?

कुटुंबाला २००८ पासून दहा लाख रुपये, २०२१ पासून पंधरा लाख रुपये, असे पॅकेज ठरले. ज्याने आयुष्यात एकरकमी पाच हजार पाहिले नाहीत, त्याच्या खात्यात लाखो रुपये आले की काय होते, हे आपल्याला धरणग्रस्तांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. मोटारसायकल येते, पाहुणे येतात, दारूचा गुत्ता येतो, जमिनीचा दलाल येतो. पैसा जातो आणि जमीन मिळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेल्या गावांतले लोक, आपल्याला जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, ही तक्रार घेऊन पुन्हा आपल्या जुन्या गावांत, केलपाणी-गुल्लरघाट भागात परत गेले. त्यांना बाहेर काढताना संघर्ष झाला. वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी असे दोन्हीकडचे लोक जखमी झाले. जखमी झालेला वनरक्षकही गरिबाचाच मुलगा होता, ही गोष्ट विसरू नये. चूक धोरणाची आणि डोकी फुटतात खालच्यांची.

वास्तविक कायदा असा नाही. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. दोन्ही कायदे सांगतात की, गाव हलवण्यापूर्वी तिथल्या लोकांचे हक्क निश्चित करून मान्य करावे; माणूस आणि प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत हे तज्ज्ञांशी विचारविनिमय करून ठरवावे; ग्रामसभेची, सर्व माहिती दिल्यानंतरची, मोकळी संमती घ्यावी; आणि पर्यायी जागेच्या सोयी पूर्ण कराव्या. वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांची अतिसंरक्षित क्षेत्रे त्याच्या अवघे काही दिवस आधी, डिसेंबर २००७ च्या अखेरीस, जाहीर झाली. एवढी घाई कशासाठी होती, ते आपण ओळखावे.

धम्मबांधवांनो, आता कोणी विचारील, हा कोरकूंचा प्रश्न झाला, आपला काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला, आपलीही माणसे या कायद्याच्या कचाट्यात आहेत. मेळघाटात आणि त्याच्या पायथ्याच्या गावांत कोरकूंबरोबर गवळी, निहाल, बलई आणि बौद्ध कुटुंबेही राहतात. वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पण आदिवासी नसलेल्यांना त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब केला तर ती १९३० सालात जाते. १९३० साली आमच्या आज्याकडे कोणता कागद होता? शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसणाऱ्याचे नाव कोणत्या दाखल्यावर होते? गावची शीव दाखवण्याचे काम आमच्या पूर्वजांकडून करून घेतले जात होते. अमुक दगडापासून तमुक झाडापर्यंत जमीन कोणाची, याची साक्ष आम्ही देत होतो. शिवेच्या आतली एक पट्टीही आमच्या नावाची नव्हती. ज्याने दुसऱ्याच्या जमिनीची साक्ष दिली, त्याच्याकडे आज स्वतःच्या वस्तीचा पुरावा मागितला जातो.

तरी निराश होण्याचे कारण नाही. कायद्याच्या नियमांत कागदाबरोबर इतर पुरावेही मान्य आहेत. जुनी विहीर, स्मशानभूमी, घराच्या खुणा आणि वृद्ध माणसाचे लेखी उतरवून घेतलेले कथन, हेही पुरावे आहेत. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. पट्टा मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आणि सामूहिक वनहक्क मागताना सारे गाव ग्रामसभा म्हणून एकत्र मागते. तिथे कोरकू आणि बौद्ध एकाच अर्जावर असतात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत देशातल्या लाखो कुटुंबांचे काळीज कसे झाले असेल? दावा नीट भरला नाही म्हणून फेटाळला गेला, अशी उदाहरणे थोडी नसतात. आपल्या शिकलेल्या मुलांना इथे काम आहे.

दुसरा संबंध गायरानाचा, ज्याला आपण वऱ्हाडात ई-क्लास म्हणतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्याच चळवळीच्या प्रेरणेने आपल्या लोकांनी ई-क्लासची खडकाळ जमीन काढली, दगड वेचले, बांध घातले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण १९९१ मध्ये शासनाने ठरवले. तरी कित्येकांच्या हाती अजून सातबारा नाही. पुढे जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद राखलेला आहे, पण अपवादाचे वाक्य तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात हा विषय पुन्हा आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. म्हणजे कोरकूला वाघासाठी हटवायचे आणि बौद्धाला कुरणासाठी. दोघांनाही सांगायचे, देशाच्या भल्यासाठी उठा.

म्हणून आम्ही असे म्हणावे काय की, कुरण नको, जंगल नको, वाघ नको? मुळीच नाही. कुरणाचा नाश झाला तर पहिली शेळी आपल्या बाईची उपाशी मरते. सामाईक जमीन हीच ज्याला जमीन नाही त्याची जमीन असते. १९२७ साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी मागितले, ते तळे सर्वांचे आहे म्हणून मागितले. त्याच वर्षी अमरावतीला अंबादेवी मंदिर सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली आणि नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक परिषद भरली. जे सार्वजनिक आहे त्यावर सर्वांचा हक्क, हा त्या लढ्याचा गाभा. रान आणि कुरण ही आजची चवदार तळी आहेत. तळ्यावर हक्क सांगणाऱ्याने तळे बुजू देता कामा नये.

याबाबत बुद्धवचनात काय सापडते? दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजाची कर्तव्ये सांगितली आहेत. राजाने कोणाकोणाला धम्माचे संरक्षण द्यावे त्यांची तिथे मोजणी आहे. तीत सैन्य आहे, नगरातले आणि खेड्यातले लोक आहेत, श्रमण-ब्राह्मण आहेत, आणि त्यांच्याच ओळीत पशुपक्षी आहेत. त्याला लागूनच सांगितले आहे की, राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन पुरवावे. पुढच्या कथेत राजा बाकी सारे पाळतो, पण निर्धनांना धन देत नाही. मग दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. कूटदन्त सुत्तातही असेच आहे. राज्यात चोऱ्या होतात तेव्हा शिक्षेने त्या थांबणार नाहीत, शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या, असा सल्ला राजाला मिळतो. आजच्या वनखात्याने आणि शासनाने हे सुत्त समजून घ्यावे. मोळी आणणाऱ्या बाईचा विळा जप्त करून जंगल वाचत नाही. तिच्या चुलीची दुसरी सोय झाली तर वाचते.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी स्तंभलेखातून कित्येक प्राण्यांना अभय दिले आणि विनाकारण जंगले जाळू नयेत असे आज्ञापिले. रस्त्यांच्या कडेला झाडे लावली, औषधी वनस्पती आणवल्या. आपण अभिमानाने हे सांगतो. पण त्याच अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतल्या, म्हणजे रानातल्या लोकांना समजावणीबरोबर आपल्या सामर्थ्याची आठवणही करून दिलेली आहे. म्हणजे धम्मराजालाही रानातला माणूस आपल्या प्रजेत सहज सामावता आला नव्हता. जे काम सव्वादोन हजार वर्षांपासून अपुरे आहे, ते लोकशाहीत पुरे व्हायला हवे.

आता विकासाविषयी. आम्ही विकासाच्या विरोधात नाही, आणि बाबासाहेबांचा अनुयायी तसा असूही शकत नाही. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो कमी करण्यासाठी उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांनी तेव्हाच मांडले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्यासारख्या पाणी आणि वीज योजनांची पायाभरणी केली. गरिबाने कायम मोहफुले वेचत बसावे आणि शहरातल्याने ते पाहायला जिप्सीतून यावे, हे बाबासाहेबांना कधीच रुचले नसते. जंगलावरचा भार कमी करायचा असेल तर जंगलाजवळच्या माणसाला चांगली शाळा आणि चांगली नोकरी मिळाली पाहिजे. म्हणजे विकास हाही रान राखण्याचा एक मार्ग आहे. प्रश्न एवढाच, विकास कोणाच्या दारी थांबतो?

अकोला-खंडवा रेल्वेचे उदाहरण घ्या. ही जुनी मीटरगेज लाईन मेळघाटातून, धूळघाटच्या वळणावळणाच्या चढावरून जात होती. २०१७ च्या सुरुवातीला ती रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंद मार्ग पुन्हा जंगलातूनच न्यायचा की बाहेरून, यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, दक्षिण-उत्तर जोडणारा सरळ मार्ग आहे, तो थांबवू नका. दुसरी म्हणाली, वाघांच्या गाभ्यातून जलद गाड्या नकोत. अकोट, तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव-जामोद या बाजूने वळसा घेणारा पर्याय पुढे आला. त्यात अंतर सुमारे तीस किलोमीटरने वाढते, पण ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नाही अशा दाट वस्तीच्या पट्ट्याला ती मिळते. २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही जंगलाबाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला. आम्हाला हा पर्याय योग्य वाटतो. वाघही वाचतो आणि मजुराला कामाच्या गावी जायला गाडीही मिळते. मात्र धूळघाट रेल्वे हे ज्या गावाचे नावच आहे, त्या डोंगरातल्या माणसाची गाडी गेली ती गेलीच. त्याला दिवसातून दोन-चार वेळा एसटी मिळावी, ही मागणी त्या निर्णयाबरोबरच व्हायला हवी होती. वाघासाठी गाडी वळवली, हे चांगले झाले. माणसासाठी एसटी पाठवा, एवढेच आमचे म्हणणे.

अमरावतीला कापड उद्योगाचे मोठे पार्क येत आहे, २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. कापूस वऱ्हाडचा, तर कापडही वऱ्हाडात व्हावे, याचे स्वागतच आहे. पण त्यात धारणी-चिखलदऱ्याची मुलगी शिलाईच्या यंत्रावर बसेल काय, पुनर्वसित गावातल्या तरुणाला आधी प्रशिक्षण मिळेल काय, हे आतापासून विचारले पाहिजे. कोणत्याही प्रकल्पाला आपण तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोणाचे जाणार? जमीन कोणाची जाणार? आणि नोकरी कोणाला मिळणार? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर गरिबाचे नाव आणि तिसऱ्याचे उत्तर परक्याचे नाव असेल, तर तो विकास तोलात बसत नाही.

आता जिथे तोल साधला गेला अशी उदाहरणे पाहू, कारण नुसती गाऱ्हाणी मांडून चळवळ पुढे जात नाही. परतवाड्याजवळ पायविहीर नावाचे गाव आहे. खोज या संस्थेच्या मदतीने या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आणि २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर जंगल ग्रामसभेच्या हाती आले. ते जंगल तेव्हा उजाड होते. गावाने रोजगार हमीतून खड्डे खणले, झाडे लावली, चराईचे आणि तोडीचे नियम केले, वणवा लागू नये म्हणून पाळीने राखण केली. रानातली सीताफळे गावाने एकत्र गोळा करून मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. रान वाढले आणि स्थलांतर कमी झाले, दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे तर देशातल्या पहिल्या सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २०११ पासून त्यांनी आपला बांबू आपण विकला.

तिसरे उदाहरण फासेपारध्यांचे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची पद्धत आणली, तिचा शिक्का या समाजावर बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला. मग वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने तितर-लाव्हे धरणेही गुन्हा झाले. पोट भरायचे कशावर, हे कोणी सांगितले नाही. याच समाजातल्या काही लोकांनी अकोला-वाशीम भागात, कारंज्याच्या संवेदना संस्थेच्या सोबतीने, तणमोरासाठी गवताळ कुरणे राखण्याचे काम हाती घेतले. तणमोर हा नामशेष होण्याच्या काठावरचा पक्षी आहे. तो कुठे लपतो, अंडी कुठे घालतो, हे पारध्याला जितके ठाऊक, तितके कोणत्या पदवीधराला ठाऊक असणार? ज्याला चोर म्हटले तोच राखणदार झाला, कारण त्याच्या ज्ञानाला कोणीतरी मान दिला.

या उदाहरणांत समान काय आहे? हक्क किंवा मान आधी मिळाला, कमाई त्याच रानातून झाली, आणि नियम लोकांनी स्वतः केले. तिन्ही एकत्र आले तर रान टिकते. एक जरी तुटले तर टिकत नाही. हक्क मिळाला आणि नियम नाही, तर दोन वर्षांत जंगल साफ होते. नियम आहेत आणि कमाई नाही, तर रात्री चोरून तोड होते.

यावर असेही म्हटले जाईल की, सगळ्याच ठिकाणी हे चालणार नाही, वाघाला निवांत जागा लागते. हे खरे आहे. वाघीण पिले वाढवते तिथे गुरे, वणवा आणि वर्दळ असून चालत नाही. रिकाम्या झालेल्या वैराटसारख्या जागी गवत वाढले, हरणे-सांबरे आली, हेही नाकारता येत नाही. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की एकही गाव कधीच हलू नये. आम्ही म्हणतो, हलायचे असेल तर हक्क मान्य करून, जमिनीच्या बदल्यात पाण्याची जमीन देऊन, गाव गाव म्हणूनच वसवून हलवावे. पैसे खात्यात टाकले की कर्तव्य संपले, ही रीत बंद व्हावी. जो देशासाठी आपले गाव देतो, तो निर्वासित नव्हे, दाता आहे. दात्याला रांगेत उभे करू नये.

आणखी एक गोष्ट खाली मैदानातली. रोही आणि रानडुक्कर यांनी वऱ्हाडातला शेतकरी हैराण आहे. रात्ररात्र जागल करावी लागते. नुकसानभरपाई मिळते ती शेताच्या मालकाला, तीही उशिरा. पण सोयाबीन उद्ध्वस्त झाले की सोंगणीची मजुरी बुडते, कपाशी मोडली की वेचणी बुडते. ती मजुरी आपल्या बायाबापड्यांची असते आणि तिची भरपाई कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नाही. अशा गावांत त्या हंगामात रोजगार हमीची कामे, विशेषतः कुरणविकासाची आणि बांधबंदिस्तीची, निघाली पाहिजेत. ही मागणी शेतकरी संघटना करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल.

शेवटी, या मंडळाकडून आणि आपणा सर्वांकडून आमच्या काही अपेक्षा आहेत. पायथ्याच्या गावांत जिथे आपली कुटुंबे आहेत, तिथे वनहक्काचे प्रलंबित आणि फेटाळलेले दावे पुन्हा पाहावेत. आजीआजोबा हयात आहेत तोवर त्यांची कथने लिहून घ्यावीत, कारण एक म्हातारा गेला की एक पुरावा जातो. वकील आणि निवृत्त कर्मचारी बांधवांनी महिन्यातला एक रविवार या कामाला द्यावा. ई-क्लासच्या ज्या जमिनी नियमित व्हायला पात्र आहेत त्यांची गाववार यादी करावी. उरलेले कुरण मात्र विटभट्टीवाल्याच्या आणि धनदांडग्याच्या घशात जाऊ नये म्हणून ग्रामसभेत उभे राहावे. आपण एक एकर काढली तर ते अतिक्रमण आणि मोठ्याने वीस एकर घेतली तर तो विकास, हे चालू देऊ नये. कोरकू आणि पारधी बांधवांना आपल्या कार्यक्रमांत बोलवावे. नुसते व्यासपीठावर बसवू नये, त्यांचे ऐकावे. आणि आपल्या मुलामुलींनी वनरक्षक, वनपाल, वनाधिकारी व्हावे. कायदा राबवणाऱ्याच्या मनात करुणा असेल तर त्याच कायद्याचे रूप बदलते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात घालण्यासाठी आणि एक भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. रान हा वऱ्हाडचा राखून ठेवलेला चौथा भाग आहे. तो उडवणारा गृहस्थ शहाणा नव्हे. पण घरातल्या एकाच भावाला उपाशी ठेवून ती शिल्लक वाढवणाराही शहाणा नव्हे. शिल्लक सर्वांची, तर तिच्यासाठीची काटकसरही सर्वांनी करायची. एवढा साधा हिशेब शासनाला आणि समाजाला पटवणे, हे आपले काम आहे.

 माणसांचे, पशुपक्ष्यांचे, सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय. जयभीम.